जॅकेटचे पापुद्रे, ‘लाइफटाइम’ वॉरंटी आणि आपली कोकणातली हवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दापोलीजवळ राहता, रोज बाइकने ये-जा करता, सुट्टीला रसाळगड-महिपतगड बाजूला भटकता. तीन पावसाळ्यांपूर्वी १२ हजारांचं नावाजलेलं रेन-जॅकेट घेतलंत. यंदा आतून पांढरे पापुद्रे सुटायला लागले, खांद्याच्या शिवणीवरची टेप (शिवणीच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून आतून चिकटवलेली पट्टी) उलली, आणि चेनचा रनर हिरवा पडून अडकायला लागला. टॅगवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ छापलंय, पण कंपनीने ‘वापरामुळे झालेली झीज’ असं एका ओळीत लिहून हात झटकले. आता भांडावं, दुरुस्त करून घ्यावं, की दरवर्षी ६०० रुपयांचा रेनकोट घेऊन मोकळं व्हावं?

कंपनी फसवते आहे का, हा तुमचा मुख्य सवाल दिसतो. मला अडचण दुसरीकडे दिसते. तुमच्या जॅकेटात तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आहेत. तिन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे, आणि कंपनीच्या टेबलावर तिन्हींचं वजनही वेगळं. तुम्ही त्या एकाच मेलमध्ये बांधून पाठवल्यात, म्हणून त्या एकाच वाक्यात नाकारल्या गेल्या. त्या आधी सुट्या करू.

माझ्याबद्दल एवढंच, की मी आधी मुंबईत ट्रेकिंगच्या सामानाच्या एका दुकानात वॉरंटीचे दावे तपासायचं काम केलं. म्हणजे तुमच्यासारख्यांची जॅकेटं टेबलावर उलटी करून ‘हो’ की ‘नाही’ लिहिणाऱ्यांपैकी मी एक. आता रत्नागिरीत स्वतःचं दुरुस्तीचं काम करते: जॅकेटं, सॅक, तंबू, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मिरकरवाडा बंदरातून येणारे खलाशांचे जाड रेनसूट. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे कंपनीवर माझा सरसकट राग नाही, आणि सरसकट विश्वासही नाही.

पापुद्र्यांपासून सुरू करते, कारण कोकणात सगळ्यात जास्त जॅकेटं यानेच जातात आणि लोकांना सगळ्यात कमी माहिती याचीच असते.

बहुतेक रेन-जॅकेटांचं वरचं कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टर असतं. ते पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो त्याच्या आतल्या बाजूला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. दुकानदार त्याला ‘पीयू कोटिंग’ म्हणतात. या पॉलियुरेथेनचे ढोबळ दोन प्रकार: एक पॉलिएस्टरवर आधारलेला, एक पॉलिइथरवर. पहिल्या प्रकारात रेणूंचे जे सांधे असतात ते पाण्याची वाफ हळूहळू तोडत जाते. याला जलविघटन म्हणतात. त्यातली मेख अशी, की सांधे तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी जोरात करतं. म्हणून दोन वर्षं काहीच दिसत नाही आणि तिसऱ्या वर्षी महिन्याभरात सगळं सोलून निघतं. आधी कुबट-आंबूस वास येतो, मग आतली बाजू बोटाला चिकट लागते, मग पापुद्रे. तुमच्या जॅकेटला मागच्या वर्षी वास येत होता का, आठवून बघा. बहुधा येत असणार.

दुसऱ्या प्रकारचं पॉलियुरेथेन दमटपणात बरंच जास्त टिकतं. पण टॅगवर कुठला प्रकार वापरलाय हे लिहीत नाहीत. तिथे लिहितात १०,००० मिलिमीटर, २०,००० मिलिमीटर. हा आकडा म्हणजे नव्या कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागतं, त्याचं मोजमाप. कापड नवं असतानाचं. ते किती वर्षं तसं राहील याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

या विघटनाला लागतात दोन गोष्टी, दमटपणा आणि ऊब. आपल्याकडे दोन्ही फुकट. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून असते. थंड, कोरड्या डोंगराळ देशात डिझाइन केलेलं जॅकेट तिकडे दहा वर्षं निघेल. इथे त्याच जॅकेटला तीन-चार पावसाळे म्हणजे कंपनीच्या हिशेबात न बसणारं म्हातारपण. त्यात वापरलं किती याला फारसं महत्त्व नाही. कपाटात घडी घालून ठेवलेलं जॅकेटही सोलतं. ट्रेकिंगचे जेमतेम वापरलेले बूट दोन वर्षांनी काढावेत आणि चढणीवर तळवा भुगा होऊन हातात यावा, हे अनेकांनी अनुभवलंय. तेही हेच पॉलियुरेथेन, हेच कारण. ‘अहो, मी फार वापरलंच नाही’ हे वाक्य मी वॉरंटीच्या टेबलावर सतत ऐकायचे. ते खरं असायचं, आणि त्याने दावा बळकट होत नव्हता.

समुद्राजवळ यात आणखी एक भर पडते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपली हवा त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे हर्णैच्या किनाऱ्यावरून आलेलं, गोड्या पाण्याने न खंगाळलेलं जॅकेट खुंटीवर कितीही दिवस टांगा, ते पूर्ण सुकत नाही. तुम्ही ते बाइकच्या डिकीत ओलं कोंबून ठेवत असाल (सगळेच ठेवतात), तर उन्हात तापलेली बंद, ओली डिकी ही पॉलियुरेथेन कुजवायची उत्तम सोय आहे.

हे सोललेलं कोटिंग परत लावता येत नाही. बाजारात ब्रशने लावायची द्रावणं मिळतात. छोट्या तंबूच्या तळाला ती चालतात, पण हालचाल होणाऱ्या जॅकेटला नाही: खालचा जुना थर सुटतच राहतो आणि नवा त्याच्यासकट येतो. कुणी ‘री-कोटिंग करून देतो’ म्हणून दोन हजार मागितले तर देऊ नका.

गोअर-टेक्ससारख्या जॅकेटांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. तिथे पाणी अडवणारा पडदा मुळात वेगळा. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवता येतो हे शोधलं, त्यावर हा सगळा धंदा उभा राहिला. त्या टेफ्लॉनला दमटपणाने काही होत नाही. पण तो पडदा कापडाला चिकटवलेला असतो, आणि शिवणींवरची टेपसुद्धा गोंदानेच बसवलेली असते. गोंद सुटला की पडदा शाबूत असूनही जॅकेट गेलं. म्हणून मी गिऱ्हाइकांना एकच कसोटी सांगते: जॅकेटमध्ये जे शिवलेलं आहे ते दुरुस्त होतं, जे चिकटवलेलं आहे ते बहुधा होत नाही. महागड्या जॅकेटात चिकटवलेलं जास्त असतं.

आता तुमची टेप. इथे मात्र नीट बघायला हवं, कारण तुमच्या दाव्यात काही जीव असेल तर तो इथे आहे. जॅकेट उलटं करून उजेडात धरा आणि टेप कुठे कुठे सुटली आहे ते बघा. फक्त खांद्यावर, म्हणजे सॅकचे पट्टे घासतात तिथे सुटली असेल, तर ती घासून सुटली. कंपनीचं म्हणणं बरोबर ठरेल. पण टोपीच्या शिवणीवर, काखेत, पाठीच्या मधोमध, जिथे काही घासत नाही तिथेही ती कडेने उचलली गेली असेल, तर टेप बसवतानाच उष्णता किंवा दाब कमी पडला असण्याची शक्यता मोठी. हा उत्पादनातला दोष. मी टेबलावर असताना अशा जॅकेटांना ‘हो’ लिहायचे, आणि वरिष्ठ त्यावर सहसा वाद घालत नसत. तुम्ही फोटो फक्त खांद्याचा पाठवलात, तर समोरच्याने खांद्याचाच निकाल दिला.

फोटो पाठवायच्या आधी घरी एक चाचणी करा. जॅकेट आधी साध्या द्रव साबणाने धुवा, दोनदा खंगाळा, सुकवा. मग ज्या भागाची शंका आहे तो पातेल्यावर वाटीसारखा खोलगट धरा, बाहेरची बाजू वर, आणि त्यात पेलाभर पाणी ओता. दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालून कापड कोरडं राहिलं तर पाणी अडवणारा थर शाबूत आहे, आणि तुम्हाला पावसात जी ओल जाणवते ती बहुतेक घामाची. शिवणीखालून थेंब आले तर टेप गेली. सपाट कापडातून आले तर कोटिंग गेलं. वरून पाणी मोत्यांसारखं घरंगळण्याऐवजी कापडात मुरून ते गडद झालं पण खालून कोरडं राहिलं, तर फक्त कापडावरचा, पाणी घरंगळवून टाकणारा लेप उतरलाय. तो परत आणता येतो: स्वच्छ धुऊन, पूर्ण सुकवून, वर सुती कापड ठेवून अगदी कमी आचेची इस्त्री हलकेच फिरवायची. तेवढ्याने पुरेना तर फवाऱ्याचा लेप विकत मिळतो. अलीकडच्या जॅकेटांवरचे फ्लोरिनमुक्त लेप पर्यावरणाला बरे, पण अंगाच्या तेलाने आणि धुळीने लवकर उतरतात. धुवायच्या पावडरीचा अंश आणि कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव हे दोन्ही त्या लेपाचे वैरी आहेत.

घामाचं म्हटलं, ते उगाच नाही. ‘श्वास घेणारं’ म्हणून विकलेलं कापड वाफ बाहेर टाकतं ते आत-बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकावर. हिमालयात बाहेर पाच अंश असताना हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते. ढोबळ हिशेब केला तर हा फरक निम्म्यावर येतो. त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की उरलेला श्वासही गुदमरतो. रसाळगडाची चढण चढताना कुठल्याही किमतीच्या जॅकेटात तुम्ही आतून भिजणारच. अशी ‘गळतात’ म्हणून आलेली बरीच जॅकेटं गळत नव्हती. काखेत चेन असलेलं जॅकेट, ती चेन उघडी ठेवून, इथे जास्त उपयोगी पडतं.

वॉरंटीकडे येते. ‘लाइफटाइम’ म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे, त्या वस्तूचं अपेक्षित आयुष्य, आणि ते किती हे सहसा कंपनीच ठरवते. अटींच्या बारीक अक्षरात हे असतं. वॉरंटी कापड आणि शिवणकामातल्या दोषाची असते. झीज, अपघात, चुकीची धुलाई, वयानुसार होणारा ऱ्हास यांची नसते. खरोखर आयुष्यभर परत घेणारे लोक होऊन गेले. अमेरिकेतल्या एल. एल. बीन कंपनीची गोष्ट सांगतात: १९१२ मध्ये त्यांनी विकलेल्या पहिल्या १०० बुटांच्या जोड्यांपैकी ९० उसवून परत आल्या, आणि मालकाने सगळ्यांचे पैसे फेडले. त्या नावावर कंपनी शतकभर चालली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनीही बिनशर्त परतीची हमी एक वर्षावर आणली, कारण लोक दशकांपूर्वीच्या, अगदी जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तू नव्याने बदलून मागायला लागले होते. हे सांगायचं कारण, टेबलापलीकडच्या माणसाला रोज अशीही गिऱ्हाइकं भेटतात, आणि तुमचा दावा त्याच गठ्ठ्यात येतो. त्यातून तो वेगळा काढणं तुमच्या हातात आहे.

तो कसा काढायचा? पहिलं, जॅकेट धुऊन पाठवा. मळकट, वास मारणारं जॅकेट आलं की बऱ्याच ठिकाणी ते न तपासताच परत जातं. दुसरं, आतल्या शिवणीतलं छोटं लेबल कापलेलं नसावं. टोचतं म्हणून लोक कापून टाकतात. मॉडेल आणि उत्पादनाची खेप ओळखायची खूण त्यावरच असते. त्या खेपेत इतरांच्याही तक्रारी असतील, तर तुमचं काम दोन मिनिटांत होतं. तिसरं, बिल. दुकानातली बिलं उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असतात. ऊब आणि उजेडाने अक्षरं उडतात आणि वर्षभरात हातात कोरा कागद उरतो. घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवायचा. तुमचं गेलं असेल तर बँकेच्या किंवा कार्डाच्या नोंदीवर तारीख आणि रक्कम मिळेल, बहुतेक जण ती मानतात.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: मजकूर. ‘जॅकेट खराब झालं, बदलून द्या’ असं लिहू नका. असं लिहा: ‘टोपीच्या मागच्या शिवणीवरची आणि डाव्या काखेतली टेप कडेने सुटली आहे. या जागी सॅकचा पट्टा लागत नाही. आतल्या बाजूचे फोटो, पाणी ओतून केलेल्या चाचणीचा व्हिडिओ आणि लेबलाचा फोटो सोबत आहे. हा टेप बसवतानाचा दोष आहे असं माझं म्हणणं आहे. दुरुस्ती किंवा बदली, जे शक्य असेल ते कळवावे. नाकारत असाल तर तपासणीचं कारण लेखी द्यावे.’ पापुद्र्यांचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात, सौम्य शब्दांत. रनरचा उल्लेखच नको. हिरवा रनर पाहिला की समोरचा ‘समुद्राकाठचा वापर, निगा नाही’ असं मनाशी लिहून मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा: दावा निकाली निघेपर्यंत मला किंवा कुणालाही त्या जॅकेटाला सुई लावू देऊ नका. बाहेरच्या माणसाने दुरुस्ती केली की वॉरंटी संपते, ही अट जवळजवळ सगळ्यांची असते. तुमचं जॅकेट परदेशातून कुणी आणलेलं असेल, तर इथली कंपनी हात लावेलच असं नाही, आणि तिकडे पाठवायचा खर्च नि जकातीचा घोळ जॅकेटाच्या किमतीला भिडू शकतो.

दुसऱ्यांदाही नकार आला तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने तुमच्यासाठी एक मोठी सोय केली: तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्हाला रत्नागिरीतच जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथून कंपनीला विचारणा जाते, आणि बरीच प्रकरणं तेवढ्यावर मिटतात. टिकाऊपणाची हमी पुरेशा चाचणीशिवाय देणं ही या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हेही पत्रात लिहायला हरकत नाही.

एवढं सांगूनही माझं मत विचाराल तर, केवळ पापुद्र्यांसाठी आयोगापर्यंत जाऊ नका. तीन पावसाळ्यांनंतर ‘हा दोष आहे, वय नव्हे’ हे सिद्ध करणं कठीण आहे. टेप घासटीबाहेरच्या जागी सुटलेली असेल तर मात्र जरूर भांडा. जॅकेट पहिल्याच वर्षात सोललं असतं, तर मी दोन्हींसाठी भांडायला सांगितलं असतं.

समजा नकार कायम राहिला. मग दुरुस्ती.

रनर सगळ्यात सोपा. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे, वर मुलामा दिलेले असतात. मुलामा उडाला की खारी हवा त्यांना खाते. चेनचे दात प्लास्टिकचे असतात, ते ठणठणीत राहतात. म्हणून अख्खी चेन बदलायला सांगणाऱ्या टेलरला नम्रपणे नाही म्हणा. रनरच्या मागच्या बाजूला बहुधा नंबर असतो, तीन, पाच, आठ. त्याच नंबराचा आणि त्याच जातीचा नवा रनर चढवायचा. गोल वळ्यांची कॉइल चेन आणि सुट्या दातांची मोल्डेड चेन यांचे रनर वेगळे, एकमेकांना चालत नाहीत. काम दहा मिनिटांचं आणि खर्च चहा-वडापावइतका. चेन मागून उघडत असेल तर रनरचा जबडा सैल झालाय. पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच, अगदी हलकेच दाबून बघा, कधी कधी तेवढ्याने वर्ष निघतं. नवीन रनरवर आणि दातांवर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यात वाळू बसते आणि ती कानशीसारखी काम करते.

टेप: जुनी पूर्ण सोलून काढायची, खालचा गोंद स्पिरिटने पुसायचा, आणि नवी टेप उष्णतेने दाबून बसवायची. खालचं कोटिंग धड असेल तरच हे टिकतं. तुमचं खांद्यावर सोलत असेल तर नव्या टेपला धरायला जागाच नाही. अशा वेळी मी शिवणीवर आतून लवचिक पॉलियुरेथेन गोंदाची बारीक रेघ ओढते. दिसायला ओबडधोबड, पण एक-दोन पावसाळे काढते. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला मात्र हा गोंद धरत नाही, तिथे सिलिकॉनचाच लागतो. काही हलके तंबू आणि पोंचो तसे असतात. हाताला गुळगुळीत, निसटतं कापड लागलं आणि चिकटपट्टी त्यावर ठरेना, की ओळखावं.

करवंदीच्या जाळीत फाटलेलं, जांभ्यावर बसून घासलेलं, हे नेहमीचं. छोट्या फाटीला नायलॉनची चिकट ठिगळपट्टी: कोपरे गोल कापायचे, नाहीतर ती कोपऱ्यातून उचलते, जागा आधी स्पिरिटने पुसायची, शक्य असेल तर आत-बाहेर दोन्हीकडून लावायची. फाट मोठी असेल तर ठिगळ शिवावं लागतं, आणि इथे टेलरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. धागा पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा आपल्या हवेत कुजतो, आणि नायलॉनचा उन्हाने लवकर कमजोर होतो. सुई ११ किंवा १४ नंबरची, नवी. बोथट सुई कापड भोसकते. टाका थोडा मोठा ठेवायचा, कारण पाणीरोधक कापडात प्रत्येक भोक कायमचं असतं, आणि बारीक टाक्यांची रांग म्हणजे टपाल तिकिटाची फाडायची कड. शिवून झालं की आतून गोंद. टाचण्या कापडात टोचू नका, कडेला क्लिप लावा.

टिच बटणं गंजत असतील तर बदलताना लोहचुंबक घेऊन जा. चुंबक चिकटला की आत लोखंड आहे, ते परत गंजणार. पितळेची मागा.

हे सगळं करून तुमच्या जॅकेटाला चार-पाचशे रुपयांत आणखी एखादा पावसाळा मिळू शकतो, पण सोललेल्या भागातून पाणी येणारच. म्हणून ते मी पावसाळी जॅकेट म्हणून जगवणार नाही. पापुद्रे मऊ ब्रशने सगळे घासून काढा, धुवा, रनर बदला, आणि थंडीतल्या पहाटेच्या बाइकसाठी वाऱ्याचं जॅकेट म्हणून ठेवा. कापड, चेन, खिसे चांगले असतील. तेवढ्या कामाला ते बरीच वर्षं पुरेल.

पुढच्या खरेदीचं तुमच्या दोन कामांनुसार ठरतं. रोजच्या बाइकसाठी पीव्हीसीचा जाड, वितळवून जोडलेल्या शिवणींचा रेनसूट घ्या, खलाशी वापरतात त्या जातीचा. त्यात घाम येतो, पण बाइकवर वारा असतो. फाटला तर पीव्हीसीचं ठिगळ लवचिक व्हिनिल गोंदाने बसतं. नळाच्या पाइपचं सोल्यूशन वापरू नका, ते वाळून कडक होतं आणि घडीवर तडकतं. ६०० रुपयांचा पातळ रेनकोट दरवर्षी घेण्याच्या मी विरोधात आहे: तो बहुधा ऑगस्टआधीच मांडीवर उसवतो, आणि इतका पातळ असतो की त्यावर ठिगळही धरत नाही.

ट्रेकसाठी मध्यम किमतीचं, काखेत चेन असलेलं, प्लास्टिक चेनचं, शक्य तितकं साधं जॅकेट बघा. दुकानात आतून हात फिरवा: कोटिंग उघडं असेल तर ते घासून लवकर जातं, आतून जाळीचं किंवा कापडाचं अस्तर जोडलेलं असेल तर थोडं जास्त चालतं. लेबलावर उत्पादनाची तारीख असेल तर वाचा. सेलमध्ये ५० टक्के सवलतीने मिळणारा माल दोन वर्षं गोदामात दमटला असेल, तर त्या पॉलियुरेथेनचं घड्याळ तेव्हापासून चालू आहे. आणि दुकानदाराला एक प्रश्न विचारा, ‘याचा रनर वेगळा मिळतो का, दुरुस्ती कुठे होते?’ मुंबईत होते असं म्हणाला तर जाण्या-येण्याचा कुरियर कोण भरणार तेही विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. वॉरंटीच्या वर्षांपेक्षा मी या उत्तराला जास्त किंमत देते.

नवीन घ्याल त्याला समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात खंगाळा, सावलीत, पंख्याखाली सुकवा, डिकीत ठेवू नका. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाची ऊब घरात आली की एकदा नीट धुऊन हँगरवर लावा. घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून नको. डांबरगोळ्या कापड खाणाऱ्या किड्यांसाठी असतात, कोटिंगला त्यांचा काही उपयोग नाही. कपाटातला कोपरा कोरडा ठेवायला सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा दार उघडं टाकणं, हे जास्त कामाचं.

टोपीचे आणि काखेचे फोटो काढून टेप कुठे सुटली आहे तेवढं कळवा. दाव्याचं पत्र पाठवण्याआधी बघून देते.